स्टार्टर मारला का?

फोनवर मी पहिलं हेच विचारते.
माणसं ठीक आहेत का, ते विचारावं लागत नाही;
फोन केलाय म्हणजे ठीक आहेत.
पलीकडून पराग सोनटक्के म्हणाला, नाही, अजिबात नाही,
बंद पडली तशीच आहे.
फार पटकन म्हणाला.

घणसोलीच्या मागे, शेवटच्या सेक्टरचे दिवे संपतात
तिथून तिवरांच्या कडेने एक बांध जातो.
बांधावरून खाली उतरू नये असं कुठे लिहिलेलं नाही.
ओहोटीत चिखल रस्त्यासारखा दिसतो, चकाकतो,
आणि रविवारी दुपारी, टायर नवे असले,
की माणसाला उतरावंच लागतं.

जीप बॉनेटपर्यंत पाण्यात.
वायपर अर्ध्यावर थांबलेला,
उत्तर येत नसताना वर्गात वर केलेल्या हातासारखा.
टपावर आठ वर्षांचा अद्वय, मांडी घालून,
बिस्किटं खात.

बाळारामकाकाला मी घरून उचलून आणलं होतं.
मला इंजिन कळतं, खाडी नाही.
त्याने बोटांवर तिथी मोजली.
"दशमी. भांगाचा पानी हाय, जास्त चरनार नाय.
पन घंटाभर हाय आपल्याकरं. त्याच्यावर नाय."

टॉवेल गुंडाळून तो पाण्यात शिरला, काठीशिवाय.
इथे गुडघा, इथे कंबर, इथून डावीकडे,
जसं कुणी वीज गेल्यावर
आपल्याच घरात माठापर्यंत जातं.
पराग मागोमाग उतरला
आणि दुसऱ्या पावलाला गळ्यापर्यंत गेला.

शॅकल मागच्या हुकाला. बंपरला नाही, बंपर दिसायला असतो.
पट्टा उघाडीच्या जुन्या दगडी खांबाला, मधे चेनपुली,
पट्ट्यावर ओलं गोणपाट,
तुटलाच तर चाबकासारखा अंगावर येऊ नये म्हणून.
गियर न्यूट्रल.
मुलगा माझ्या पाठीवरून बांधावर, बिस्किटांसकट.
मी साखळी ओढत राहिले, एकेक कडी.
चिखलाने चाक सोडलं तेव्हा जो आवाज झाला
त्यावर फक्त अद्वय हसला.

दारं उघडली. खाडी पायदानावरून शिस्तीत उतरली.
बॅटरी सोडवली. ऑइलची पट्टी ओढून पाहिली:
दूध जास्त झालेला चहा.
चारही इंजेक्टर काढले, क्रँकच्या नटाला पाना लावला
आणि हाताने फिरवलं, हळू,
भाकरी उलटताना लागतं तेवढं लक्ष देऊन.
पहिल्यातून पिचकारी.
मग दुसऱ्यातून, चौथ्यातून.
तिसऱ्यापाशी पाना अडला.

"स्टार्टर मारला का?"
पराग चष्मा पुसत होता. पुसायला कोरडं काही नव्हतं.
"दोनदा," अद्वय म्हणाला. "आणि मग अजून एकदा."

मी पाना उलट घेतला, थोडा सुलट, पुन्हा उलट.
आत काहीतरी हो म्हणालं,
मनापासून नाही,
पण फिरलं.

एअर फिल्टरच्या डब्यात पाणी होतं, त्या पाण्यात
अंगठ्याएवढं एक पिल्लू. जिताड्याचं.
काकाने ते ओंजळीत घेतलं, बराच वेळ धरलं.
"हितंच व्हता तलाव. माज्या बापानी खनलेला.
तुमची गारी त्यानच बुरली."
परागने मागे वळून पाहिलं.
पाणीच होतं. सगळीकडे सारखं.

आता हा विचारेल, जागा कितीला गेली.
त्याने विचारलं, "खोल किती होता?"
"तू उबा व्हतास ना त्यान," काका म्हणाला,
आणि ओंजळ उघडली.

मीठ वाट बघत बसत नाही, गोडं पाणी लगेच मारावं लागतं.
टोचन लावून जीप काकाच्या अंगणात नेली.
तिथे चार ड्रम भरलेले, नळ एक दिवसाआड.
तीन त्याने इंजिनवर ओतू दिले,
चौथ्यावर स्वतः झाकण ठेवलं,
झाकणावर पाटा.

बिल अजून लिहिलेलं नाही.
तिसऱ्या रॉडचं काय ते उद्या,
उघडल्यावर.